विश्लेषण : न खपलेल्या नांगरातून रोजगाराचे गाव कसे उभे राहिले?

बेरोजगारीवर उपाय म्हणून आजकाल महाविद्यालयांत ‘डिझाइन थिंकिंग’ आणि ‘सामाजिक उद्योजकता’ या दोन शब्दांची बरीच चर्चा असते. जालन्यासारख्या जिल्ह्यात तर ती जास्तच जिव्हाळ्याची आहे. हे शब्द प्रचलित होण्याच्या कितीतरी आधी एका मराठी कारागीर-शिक्षकाने हाच रस्ता चालून दाखवला होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर (1869-1956) यांचे चरित्र आजच्या बेरोजगार तरुणाला नेमके काय सांगते, याचा हा आढावा.

जालन्यात हा विषय का महत्त्वाचा?

‘जालना सोने का पालना’ ही म्हण जुनी आहे आणि बाजारपेठ म्हणून जालन्याचा लौकिकही जुना आहे. लोखंडी सळईचे कारखाने आणि बियाणे उद्योग यांमुळे हे शहर देशभर ओळखले जाते. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. रेशीम कोषांची बाजारपेठ येथे आहे. समृद्धी महामार्गही जिल्ह्यातून जातो.

पण 1981 साली जिल्हा झालेल्या या भागाचा मोठा हिस्सा आजही कोरडवाहू शेतीवर जगतो. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, भोकरदन, जाफराबाद या तालुक्यांतला मुलगा पदवी घेतो, एक-दोन वर्षे स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आणि शेवटी पुणे किंवा छत्रपती संभाजीनगरची गाडी धरतो. घरी कापूस, सोयाबीन असते, पण त्यात त्याला भवितव्य दिसत नाही. शहरात उद्योग असतो, पण त्यात त्याला लागणारे कौशल्य त्याच्या हातात नसते. शिक्षण, शेती आणि कारखाना या तिन्ही गोष्टी जवळजवळ असूनही एकमेकींशी जोडलेल्या नाहीत, ही खरी अडचण आहे. लक्ष्मणरावांनी आयुष्यभर जे केले, ते या तिघांना जोडण्याचेच काम होते.

डिझाइन थिंकिंग आणि सामाजिक उद्योजकता म्हणजे काय?

डिझाइन थिंकिंग ही प्रश्न सोडवण्याची एक पद्धत आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘डी-स्कूल’मुळे ती जगभर पोहोचली. तिच्या साधारण पाच पायऱ्या सांगितल्या जातात. ज्याच्यासाठी वस्तू बनवायची त्याची अडचण समजून घेणे, नेमका प्रश्न ठरवणे, निरनिराळ्या कल्पना मांडणे, साधा नमुना तयार करणे आणि तो वापरणाऱ्याच्या हातात देऊन तपासणे. नमुना फसला तर पुन्हा मागच्या पायरीवर जायचे. म्हणजे यात अपयश हा कामाचाच एक भाग मानला जातो.

सामाजिक उद्योजकता म्हणजे धंदा करायचा, नफाही मिळवायचा, पण त्या धंद्यातून समाजातला एखादा प्रश्न सुटला पाहिजे. देणगीवर चालणारी संस्था आणि निव्वळ नफ्यासाठी चालणारी कंपनी यांच्या मधली ही वाट आहे.

लक्ष्मणराव कोण होते?

लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. हे घराणे मूळचे सिंधुदुर्गातील किर्लोस गावचे. संगीत नाटकांचे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच घराण्यातले. लक्ष्मणरावांचे वडील वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाचे मन मात्र पोथीपेक्षा चित्रांत आणि यंत्रांत रमत असे. वडिलांचा विरोध असतानाही थोरले बंधू रामुअण्णा यांच्या आर्थिक आधारावर 1885 मध्ये ते मुंबईला गेले आणि जे. जे. कला विद्यालयात दाखल झाले.

तिथे पहिला धक्का बसला. त्यांना काही रंगांतला फरक ओळखता येत नसल्याचे लक्षात आले. रंगच नीट दिसत नसतील, तर चित्रकार होणार कसे? त्यांनी रंगकाम सोडले, पण रेखाटन सोडले नाही. यंत्रांच्या आकृत्या काढण्यात ते तरबेज झाले आणि त्या जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, यांत्रिक रेखाटन शिकवू लागले. शिकवण्याची वेळ संपली की संस्थेच्या कार्यशाळेतील यंत्रे हाताळायची, ती उघडून पाहायची, हा त्यांचा खरा अभ्यास होता.

नोकरी सोडून धंद्यात का उतरले?

धंद्याची सुरुवात नोकरीत असतानाच झाली होती. मुंबईच्या रस्त्यावर सायकल दिसू लागली, तेव्हा ती विकता येईल आणि दुरुस्तही करता येईल हे लक्ष्मणरावांनी ओळखले. ते मुंबईहून सायकली पाठवत आणि बेळगावात रामुअण्णा त्या विकत, लोकांना चालवायलाही शिकवत. 1888 मध्ये सुरू झालेले हे छोटे दुकान म्हणजेच ‘किर्लोस्कर ब्रदर्स’.

1897 च्या सुमारास व्हीजेटीआयमध्ये बढतीची संधी आली. ती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. लायकी असूनही गोऱ्या साहेबाच्या राज्यात एका मर्यादेपुढे जाता येणार नाही, हे त्यांना कळून चुकले. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले. वय अठ्ठावीस वर्षांचे, पगार बंद आणि पुढे निश्चित असे काही नाही. आजच्या भाषेत ते सुशिक्षित बेरोजगारच होते.

पहिला प्रश्न कुठे सापडला?

त्या काळात यंत्र म्हटले की कापड गिरणी डोळ्यांपुढे येई. लक्ष्मणरावांनी पाहिले ते गोठ्याकडे आणि शेताकडे. जनावरांपुढे कडब्याची अख्खी पेंढी टाकली जाई. जनावर पाला खाई आणि बुडखे तुडवून टाकी. दुष्काळी भागात वैरणीची अशी नासाडी परवडणारी नव्हती. कडबा बारीक तुकडे करून दिला तर सगळा खाल्ला जातो. म्हणून त्यांनी हाताने चालणारे कडबा कापण्याचे यंत्र बनवले. आज मराठवाड्यातल्या गोठ्यांत विजेवर चालणारी कडबाकुट्टी सर्रास दिसते. त्या काळी मात्र ही कल्पना नवी होती.

त्यानंतर त्यांनी नांगराचा प्रश्न हाती घेतला. लाकडी नांगर जमीन उकरत असे, पण माती पालथी करत नसे. काळ्या जमिनीत खोल नांगरट करायची तर बैलांच्या अनेक जोड्या लागत. लोखंडी नांगर विलायतेहून येत होते. पण अवजार ज्या मातीत, ज्या बैलांमागे आणि ज्या माणसाच्या हातात चालायचे, त्यांना ते साजेसे असले पाहिजे, ही लक्ष्मणरावांची पक्की धारणा होती. 1903 च्या सुमारास त्यांचा लोखंडी नांगर तयार झाला.

नांगर विकला का गेला नाही?

यंत्रात खोट नव्हती, विश्वासात होती. लोखंडामुळे जमिनीला विष चढेल, अशी भीती शेतकऱ्यांत पसरली होती. लोकांनी टिंगल केली. पहिला नांगर विकला जायला जवळजवळ दोन वर्षे लागली.

शेतकरी अडाणी आहेत म्हणून हात झटकून मोकळे होणे सोपे होते. पण शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्याची भीती अगदीच निराधार नव्हती. वर्षाचे पीक हेच त्याचे सगळे भांडवल. नवे अवजार फसले, तर बनवणाऱ्याचा एक नांगर जाणार, वापरणाऱ्याचे मात्र वर्ष जाणार. अशा माणसाला भाषणाने पटत नाही. शेजाऱ्याच्या रानात नांगर चाललेला दिसला आणि पुढच्या हंगामात त्या रानातले पीक दिसले की पटते. एकदा पहिले नांगर शेतात उतरले आणि त्यांनी काम करून दाखवले, तशी मागणी वाढत गेली.

डिझाइन थिंकिंगमध्ये ज्याला वापरणाऱ्याच्या जागी उभे राहणे म्हणतात, ते हेच. नांगर बनवणे हे अर्धे काम होते. उरलेले अर्धे काम म्हणजे शेतकऱ्याची धास्ती कमी करणे आणि तोवर तग धरणे. आजही अनेक तरुणांचे उद्योग या दुसऱ्या अर्ध्यातच बंद पडतात.

किर्लोस्करवाडी कशी वसली?

धंदा सावरत होता तोच दुसरे संकट आले. बेळगाव नगरपालिकेच्या निर्णयामुळे कारखान्याची जागा सोडण्याची वेळ आली. यंत्रे होती, कामगार होते, पण पायाखालची जमीन गेली. या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. स्वतः चित्रकार असलेल्या या राजाने लक्ष्मणरावांना कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची 32 एकर जागा आणि भांडवलासाठी कर्जाऊ रक्कम दिली.

जागा कसली, निवडुंगाचे आणि सापांचे माळरान होते. पिण्याच्या पाण्याचीही सोय नव्हती. 10 मार्च 1910 रोजी तिथे नव्या वसाहतीची सुरुवात झाली. सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे यांनी मिळून माळ साफ केला. ही वसाहत म्हणजे किर्लोस्करवाडी. आज ती सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात येते आणि तेव्हाचे कुंडल रोड स्थानक आता किर्लोस्करवाडी याच नावाने ओळखले जाते.

इंग्लंडमध्ये कारखान्याभोवती कामगारांसाठी आखीव गावे वसवली जात होती, त्यांची माहिती लक्ष्मणरावांना होती. कारखाना आणि गाव एकत्रच वाढले पाहिजेत हा विचार त्यांनी माळावर आणला. कामगाराला केवळ मजुरी देऊन भागत नाही. त्याच्या कुटुंबाला घर, पाणी आणि मुलांना शाळा मिळाली तरच तो टिकतो आणि काम शिकतो, हे त्यामागचे गणित होते.

कामाला माणसे कोणती निवडली?

रोजगाराच्या दृष्टीने या चरित्रातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. अभियांत्रिकीची पदवी घेतलेले तरुण त्या माळावर येणार नव्हते. लक्ष्मणरावांनी जी माणसे जमवली, त्यांत शाळा अर्धवट सोडलेले होते, परीक्षेत नापास झालेले होते, आसपासच्या खेड्यांतले शेतकरी, सुतार आणि लोहार होते. रामुअण्णांनी वसाहतीचा कारभार पाहिला. मंगेशराव रेगे यांनी हिशेब आणि कचेरी सांभाळली. शंभूराव जांभेकर यंत्रांच्या कामात पारंगत झाले. अनंतराव फळणीकर यांचे शालेय शिक्षण अपुरे होते, पण कल्पकतेच्या बळावर ते कारखान्याचे अभियंते म्हणून नावारूपाला आले.

प्रमाणपत्र काय आहे यापेक्षा हात काय करू शकतात, हे पाहून माणूस घ्यायचा आणि बाकीचे त्याला कामावर शिकवायचे, असा हा शिरस्ता होता. लक्ष्मणराव स्वतः शिक्षक होते. त्यामुळे कारखाना हीच त्यांची पुढची कार्यशाळा ठरली.

त्यांनी आणखी दोन गोष्टी केल्या, ज्या त्या काळात धाडसाच्या होत्या. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी वसाहतीच्या रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. गुन्हेगार म्हणून ज्यांना कुणी दारात उभे करत नव्हते, त्यांच्याच हाती कारखान्याची राखण दिली. दुसरे म्हणजे, वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा आग्रह धरला. 1910 च्या दशकात, खेड्यातल्या पाणवठ्यावर जात विचारली जात असताना, हे पाऊल साधे नव्हते. सामाजिक उद्योजकतेचे मोजमाप नफ्याबरोबर याही गोष्टींनी करावे लागते.

टंचाईच्या काळात कारखाना कसा तगला?

1914 मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि लोखंड, कोळसा यांची आवक आटली. विलायती अवजारेही येईनाशी झाली. म्हणजे मागणी होती, पण कच्चा माल नव्हता. दगडी कोळसा मिळेना तेव्हा लाकडी कोळशावर काम भागवण्याचा प्रयत्न झाला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यावरच्या निकामी तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर घडवले गेले. टंचाईतून पर्याय शोधण्याची सवय कारखान्याच्या अंगी बाणली.

जानेवारी 1920 मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ ही कंपनी म्हणून नोंदवली गेली. नांगर आणि कडबा कापण्याच्या यंत्राबरोबर उसाचे चरक आणि पुढे पाण्याचे पंप तयार होऊ लागले. म्हणजे एका वस्तूवर न थांबता शेतकऱ्याच्या पुढच्या गरजेकडे वळण्याचे धोरण राहिले. नांगरट झाली की पाणी लागते, ऊस आला की तो गाळावा लागतो.

त्याच 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्कर या पुतण्याच्या पुढाकाराने ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघाले. कारखान्याच्या मालाची माहिती देणारे ते पत्रक पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि त्याच्या जोडीला 1930 मध्ये ‘स्त्री’, 1934 मध्ये ‘मनोहर’ ही मासिके आली. नांगराच्या कारखान्यातून मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांना वाचायला मिळाले, ही या गोष्टीची एक वेगळी बाजू. लेखक, संपादक, चित्रकार, छपाईचे कारागीर असा निराळाच रोजगारही त्यातून उभा राहिला.

शेवटच्या वर्षांत काय घडले?

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील एमआयटीतून शिकून 1926 मध्ये परतले आणि पुढच्या पिढीने कारभार वाढवला. 1941 मध्ये हरिहरला यंत्रनिर्मितीचा आणि 1946 मध्ये पुण्याला तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा, बंगळूरला विजेच्या मोटारींचा उद्योग सुरू झाला.

फेब्रुवारी 1948 मध्ये, महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीलाही झळ बसली. आयुष्यभर उभे केलेले जळताना पाहण्याची वेळ सत्तरी ओलांडलेल्या लक्ष्मणरावांवर आली. कारखाना पुन्हा उभा राहिला. 26 सप्टेंबर 1956 रोजी त्यांचे निधन झाले. 1969 मध्ये, जन्मशताब्दीच्या दिवशी, टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

हे आज जालन्यात जसेच्या तसे जमेल का?

नाही, आणि तसे भासवणेही योग्य नाही. लक्ष्मणरावांच्या पाठीशी थोरला भाऊ होता. अडचणीच्या वेळी जमीन आणि कर्ज देणारा राजा होता. दोन वर्षे नांगर विकला गेला नाही तरी घर चालेल एवढा कुटुंबाचा आधार होता. कर्जाचा हप्ता दुसऱ्याच महिन्यापासून भरावा लागणाऱ्या तरुणाला दोन वर्षे थांबता येत नाही. त्यामुळे ‘नोकरी मागू नका, उद्योजक व्हा’ असा कोरडा सल्ला देऊन समाजाची आणि सरकारची जबाबदारी संपत नाही.

औंधच्या राजाची जागा आज योजनांनी घ्यायची आहे. 2015 पासून मुद्रा कर्ज योजना आहे. राज्यात 2019 पासून मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे. तालुक्याच्या ठिकाणी आयटीआय आहेत. जालन्याजवळ खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे. पैसा आणि प्रशिक्षण यांची दारे त्यामुळे काही प्रमाणात उघडली आहेत. कमी पडतो तो मधला टप्पा. नमुना बनवून पाहण्याची जागा, तो फसल्यावर दुसरा बनवण्याची मुभा आणि पहिले गिऱ्हाईक मिळेपर्यंतचा आधार.

मग सुरुवात कुठून करायची?

लक्ष्मणरावांचा क्रम उलट फिरवून पाहिला तर उत्तर सापडते. त्यांनी आधी कर्ज, मग जागा, मग वस्तू असा विचार केला नाही. आधी वाया जाणारा कडबा पाहिला.

जालना जिल्ह्यात अशा गोष्टी कमी नाहीत. कापूस वेचायला आणि हंगाम संपल्यावर पऱ्हाटी उपटायला मजूर मिळत नाहीत. मोसंबीचे भाव पडतात तेव्हा फळ बागेतच गळून जाते. खुरपणीत बायकांची कंबर मोडते, पण त्यांच्या उंचीला आणि हाताला बेतलेली अवजारे फारशी मिळत नाहीत. कडवंचीसारख्या गावाने पाणलोटाचे काम आणि शेततळी यांच्या जोरावर द्राक्षबागा उभ्या केल्या. त्या तळ्यांचे अस्तर आणि ठिबकची दुरुस्ती, हेही गावातल्या गावात करता येणारे काम आहे. लोखंड शहरातच तयार होते आणि वापरणारा शेतकरी घरातच आहे. मधे लागतो तो अडचण नीट पाहणारा, कागदावर आकृती काढणारा आणि ती घडवून शेतात नेणारा तरुण.

दुसरा धडा आधीच उभ्या असलेल्या उद्योगांसाठी आहे. कुशल माणूस मिळत नाही ही तक्रार 1910 मध्ये किर्लोस्करवाडीच्या माळावरही करता आली असती. तिथे तो आयता मिळण्याची वाट पाहिली गेली नाही. शाळेने नापास केलेल्यांना हाताशी धरून तो घडवला गेला. मंठ्याच्या किंवा भोकरदनच्या मुलाला घडवण्याची जबाबदारी आसपासच्या कारखान्यांनी घेतली, तर रोजगार मेळाव्यांपेक्षा अधिक काही घडू शकते.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. किर्लोस्करांचे सायकलचे दुकान 1888 चे, नांगर 1903 चा आणि वाडी 1910 ची. मधली बावीस वर्षे बहुतेक अडचणींतच गेली. रोजगाराचा आकडा एका आर्थिक वर्षात मोजला जातो. तो निर्माण करणाऱ्या माणसाला मात्र त्याहून जास्त हंगाम द्यावे लागतात.